पेल्याला धरलेलं तेल

“थेंब चुकला का? मग ओत मोरीत. गिऱ्हाइकाच्या घशात न्हाय.”

हा आवाज शांताक्कांचा. कित्येक उन्हाळे लोटले, तरी माझ्या काचेत तो अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना मापाचा पेला आहे. बोटभर उंचीचा, अंगावर रेघा कोरलेला. खालच्या दोन रेघा आता पुसत आल्यात. नळदुर्गात हायवेच्या वळणाला शिवलिंगप्पांचं सरबत-सोड्याचं दुकान आहे. तिथल्या फळीवर माझं सारं आयुष्य गेलं. कुठल्या भट्टीत घडलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शिवलिंगप्पांच्या आईनं, शांताक्कांनी, मला भुश्शातून काढलं, पदरानं पुसलं आणि उजेडात धरलं.

अर्क मोजताना त्या गायच्या:

पहिला गं थेंब, गुलाबाच्या नावाचा
दुसरा गं थेंब, तहानल्या गावाचा

एका ओळीला एक थेंब. बारा ओळी झाल्या की माप पुरं. मधेच कुणी हाक मारली, ओळ निसटली, की सगळं मोरीत. माझ्यातून मोजायचे ते पाण्यात विरघळणारे अर्क. गोळ्या-मिठाईवाल्यांसाठी ठेवलेले तेलातले अर्क निराळे. त्यांच्या बाटल्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असायचा आणि त्यांना माझ्याजवळ फिरकायची मुभा नव्हती. ट्रकवाले मुद्दाम गाडी बाजूला घेत. “आक्काच्या हातचा द्या,” म्हणत. तेव्हा मी उन्हात कसा चमकायचो!

मग शांताक्का गेल्या. शिवलिंगप्पांचा हात थरथरू लागला. थंड पेयांच्या तयार बाटल्या आल्या, आणि मी फळीवर पालथा पडून राहिलो. धूळ बसली, कोळ्यानं जाळं विणलं. पुन्हा कुणी हात लावेल असं वाटेनासं झालं होतं.

एका दुपारी लावला. शिवलिंगप्पांचा मुलगा नंदीश यानं. मी हरखलो. पण त्यानं मला सरबतासाठी घेतलं नव्हतं.

तोंडात धरून वाफ ओढायच्या नळ्या, म्हणजे ई-सिगारेटी, निघाल्यात ना, त्यांत भरायचं पाणी तो मागच्या खोलीत बनवायचा. त्याचे आप्पा, शिवलिंगप्पा, जेवून आडवे झाले की. या नळ्या आपल्याकडं कायद्यानं बंद आहेत. पण बंद म्हणजे नाहीत, असं नव्हे. बाटलीवर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही, तपासायला कुणी येत नाही, आणि बिघडलं तर जाब विचारायला दार नाही. निकोटिनचा कॅन कुठून यायचा, त्यात दम किती, हे नंदीशला तरी कुठं ठाऊक होतं? कानात गाणी घालून तो मला भरायचा. कधी रेघेच्या वर, कधी खाली.

बालाजी हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पिकअप चालवायचा आणि ही वाफ ओढायचा.

“काय हाय रं ह्यात?” त्यानं एकदा बाटली हलवून विचारलं.

“अननस.”

“आन् अजून?”

“तू काय फौजदार हाईस का?”

बालाजी हसला. “ऱ्हाऊ दे बाबा. आप्पांचा सोडा पिऊन मोठं झालो आमी. ह्या दुकानातनं वंगाळ जायाचं न्हाय.”

तो विश्वास नंदीशचा नव्हता, मित्रांनो. शांताक्कांनी तो थेंबाथेंबानं गोळा केला होता. नंदीशनं तो नुसता बाटलीत भरून दिला.

पुढं गिऱ्हाईक कुरकुरू लागलं, वास टिकत नाही म्हणून. तेव्हा नंदीशनं तेलातल्या अर्काच्या बाटलीचा लाल दोरा सोडला. खायला चालतं ते ओढायलाही चालत असणार, असं त्याला वाटलं. तेल वर तरंगलं. त्यानं बाटल्या हलवल्या, तवंग मोडेपर्यंत हलवल्या. मला नुसत्या पाण्यानं विसळलं आणि पालथं घातलं. माझ्या अंगावरचा तो चिकट थर तसाच राहिला.

पंधरा दिवसांनी बालाजीची बायको मंजुषा दुकानात आली. सोलापूरच्या दवाखान्यातून थेट एसटीनं. डोळे सुजलेले.

“भावजी, ह्यांना दम लागतोय. नाकात ऑक्सिजनची नळी लावलीया. डॉक्टर म्हणत्यात, छातीत तेल गेल्यावानी दिसतंय, पण ती बाटली तेलाची वाटत न्हाय. काय घातलंय तेवढं विचारून या, म्हणजी औषध ठरवता येईल.”

“हैदराबादचा तयार माल हाय, वहिनी. मला काय ठावं?”

“हितंच बनवता असं हे म्हणत व्हते.”

“तापात बोलला आसंल.”

शिवलिंगप्पा गल्ल्यावरून उठले. “कसली बाटली?” त्यांनी मंजुषाच्या हातातली बाटली हुंगली, मग मागच्या खोलीत गेले. फळीवरून त्यांनी मला उचललं आणि बाहेर आणून पाणी ओतलं. काचेवर पाणी पसरलं नाही, त्याचे मणी झाले. त्यांनी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग मला नंदीशपुढं ठेवलं.

“आप्पा, तुमी...”

“मला नगं सांगू,” ते म्हणाले. “तिला सांग.”

मित्रांनो, मला वाचा असती तर मीच बोललो असतो. पण भांड्याचं काम साठवणं, बोलणं माणसाचं. म्हणून थकलेल्या काचेचं एवढं ऐका. आत काय आहे ते जिच्यावर लिहिलेलं नाही, ती बाटली ओळखीच्या हातातून आली तरी तोंडाला लावू नका. आणि तुमच्या हातून माप चुकलं, तर ते हलवून दडवू नका.

मंजुषानं फोन लावला आणि तसाच नंदीशपुढं धरला. पलीकडून डॉक्टर “हॅलो, हॅलो” करत होते. नंदीशनं एकदा बापाकडं पाहिलं. आप्पांनी मान वळवली होती.

“साहेब, मी नंदीश,” तो म्हणाला. “तेलच हाय त्यात. गोळ्यावाल्यांचा अर्क. म्याच घातला. बालाजी खोकायला लागला तवाच मला समजलं व्हतं, पर बोललो न्हाय. अजून सात जणांनी नेलंय. नावं सांगतो, लिहून घ्या.”