सातांची एक सही

धनाजी मुकादमाची सही एकदा बघितली की विसरता यायची नाही. आधी मोठा थोरला ‘ध’, मग त्याच्या पोटातून निघालेली लांब शेपटी आणि शेपटीखाली दोन ठिपके. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात त्यांच्या टोळीच्या कुठल्याही कागदावर हीच सही असायची. बारा माणसांची टोळी, सगळे साताऱ्याकडचे, आणि बाराजणांच्या वतीने बोलायचा तो एकटा धनाजी. गाळेवाल्याशी वाजलं, धनाजी बोलणार. ट्रकवाल्याने आडमुठेपणा केला, धनाजी बोलणार. बाकीच्यांनी पाठीमागे उभं राहून माना हलवायच्या. रीत वाईट नव्हती. एकट्या हमालाला बाजारात कोण विचारतो? टोळीला विचारतात.

म्हणूनच, पोरांच्या शाळेत पालकसभा असली की तिथेही धनाजीच जायचा, यात बाबासोला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

टोळीतली सहा घरं कोपरखैरण्याच्या वसाहतीत जवळजवळ राहत होती आणि त्या घरांतली सात मुलं एकाच शाळेत होती. सभा शनिवारी दुपारी, म्हणजे ऐन माल उतरवायच्या वेळेला. सहा जणांनी खाडे करण्यापेक्षा एकाने जावं, ऐकून यावं, असं ठरलं होतं. धनाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचा, शाळेच्या वहीत सातही नावांपुढे ती देखणी सही ठोकायचा आणि परत येऊन गोण्यांच्या थप्पीवर बसून सांगायचा, “सगळं ठीक हाय. पोरं चांगली हायत.” झालं. सहाही बाप पुन्हा गोणी उचलायला मोकळे.

तीन वर्षं असं सुरळीत चाललं. मग गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात बाबासोची तेजश्री शाळेतून आली ती न जेवताच भिंतीकडे तोंड करून बसली.

तेजश्री चौथीत होती. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असते आणि शाळेत तिच्यासाठी सकाळचा जादा वर्ग सुरू होणार होता. वर्गातल्या वीस मुलांची नावं बाईंनी आज वाचून दाखवली. तेजश्रीचं नाव त्यात नव्हतं.

“तुला गनित येत नसंल,” बाबासो म्हणाला. त्याला समजूत घालायची होती, पण समजूत कशी घालतात हे त्याला माहीत नव्हतं.

“येतं!” तेजश्री गर्रकन वळली. “आबा, ज्यांची नावं आलीत ना, त्यातल्या चौघांना मीच गणितं सांगते. मी बाईंना विचारलं, माझं का नाही? तर त्या म्हणाल्या, ज्यांच्या घरून कोणी लक्ष घालतं त्यांचीच नावं घेतली. तुझ्या घरचं तीन वर्षांत कोणी फिरकलंच नाही.”

“फिरकलं न्हाई म्हंजे? धनाजी जातोय की!”

“धनाजीकाका काय माझे आबा आहेत?”

रंगूबाई चुलीपाशी, म्हणजे आता स्टोव्हपाशी, भाकरी थापत होती. तिने मान वर न करता नवऱ्याला सुनावलं, “अवो, बाजारात कुनाची गोनी कुनी उचलत न्हाई, लगेच भांडनं हुत्यात. आन घरची गोनी मातुर तीन वर्सं दुसऱ्याच्या पाठीवर दिलीया.”

दुसऱ्या दिवशी बाबासोने धनाजीला बाजूला गाठलं. “मुकादम, मागच्या सभेत बाई आमच्या तेजीबद्दल काय म्हनल्या?”

धनाजीने कपाळावर आठ्या आणून आठवून बघितलं. “म्हनल्या... बूट पांढरे पायजेत. आन नखं कापून पाठवा.”

“तेजीची?”

“समद्यांची! सात पोरं हायत बाबा, एकेकाचं काय ध्यानात ठिवू? का इस्वास न्हाई माज्यावर?”

बाबासोचा विश्वास तर होताच. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय मुरगळला तेव्हा याच माणसाने त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. पण विश्वास एका जागी आणि तेजीचं भिंतीकडे वळलेलं तोंड एका जागी.

बाबासोच्याच इमारतीत खाली मालतीबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर वसाहतीतली पोरं गोळा करून पाढे, गोष्टी, बेरजा असं काहीबाही चालायचं त्यांचं. फी म्हणून काही नाही. आलेल्या पोराने जाताना एक पायरी झाडायची, एवढंच. बाबासो त्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

“आजी, शाळेत जाऊन काय बोलायचं असतंय?” त्याने विचारलं. “मला बोलता येत न्हाई. म्होरनं कुनी शिकलेलं बोलाय लागलं की मी नुसतं व्हय, व्हय म्हनतो.”

मालतीबाई हसल्या नाहीत. पन्नास वेळा पाढा चुकणाऱ्या पोराला जशी जागा देतात तशी त्यांनी त्याला पायरीवर जागा दिली. “बाबासो, शाळेत जाऊन भांडायचं नसतं आणि नुसतं हो म्हणायचंही नसतं. विचारायचं असतं. माझं मूल कशात चांगलं आहे? कशात कमी पडतं? आणि मी घरी काय करू? बाईंनाही बरं वाटतं कोणी असं विचारलं की. चल, आता मी तुझ्या मुलीची बाई. विचार मला.”

“व्हय,” बाबासो म्हणाला.

पायरीवरच्या सगळ्या पोरांना हसू फुटलं. तेजश्री तर पोट धरून हसत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तीच बापाशेजारी येऊन बसली आणि त्याला पाठ करून घेऊ लागली. “म्हणा आबा, माझी मुलगी कशात चांगली आहे?” बाबासो म्हणाला. “आता मालतीआजींकडे बघून म्हणा. जमिनीकडे नाही.” जमिनीकडे न बघता बोलणं हेच त्याला सगळ्यात अवघड गेलं. आठव्या खेपेला जमलं.

सोमवारी त्याने अर्धा दिवस मागितला. धनाजीने दिला, पण तोंड फिरवून. बाबासो बाजारातून थेट शाळेत गेला. शर्टावर तागाचे तंतू आणि अंगाला कांद्याचा वास तसाच. मधली सुट्टी होती. तेजश्रीच्या वर्गाच्या उज्ज्वलाबाई टेबलाशी वह्या तपासत होत्या. बाबासो दारातूनच म्हणाला, “मी तेजश्रीचा वडील.”

बाईंनी चष्मा वर केला. मग उठून त्यांनी कपाटातून पालकसभेची वही काढली, त्याच्यासमोर ठेवली आणि त्या सात सह्यांवरून बोट फिरवलं. “मग हे गृहस्थ कोण? सात मुलांच्या नावापुढे एकच सही. मला तीन वर्षं वाटत होतं, सगळ्यांचे मामा असतील.”

“आमचं मुकादम हायत. टोळीतर्फे येत्यात.”

“शाळेत टोळी?” बाईंना हसू आवरेना. पण हसू ओसरल्यावर त्या गंभीर झाल्या. “आणि मला वाटत राहिलं, या मुलांच्या घरच्यांना काही पडलेलं नाही.”

आता बोलायची वेळ आली होती. बाबासोने बाईंकडे बघितलं आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडून गेलं. पहिला प्रश्न गेला, दुसरा गेला. टोपी हातात पिळली जाऊ लागली. जीभ ‘व्हय’ म्हणायच्या बेतात होती. मग कुठून कोण जाणे, शेवटचा तेवढा सापडला.

“बाई, मी घरी काय करू?”

उज्ज्वलाबाईंनी वही मिटली. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “बसा.”

बाबासो शाळेत खुर्चीवर पहिल्यांदाच बसला. स्वतः तिसरी झालेला माणूस. त्या तीन वर्षांत बसला तो जमिनीवर.

बाई सांगू लागल्या. तेजश्रीचं गणित चांगलं आहे, भाषेत घाई करते, प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहिते. तिच्याजवळ बसून रोज एक उतारा मोठ्याने वाचून घ्यायचा. “तुम्हाला वाचता आलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त ऐका आणि शेवटी विचारा, यात काय झालं? तुम्हाला समजलं म्हणजे तिला समजलं.” पण जादा वर्ग सकाळी सातला. वाटेत ट्रकचा मोठा रस्ता. मोठ्या माणसाने रोज आणून सोडल्याशिवाय त्या कोणालाच घेत नव्हत्या. “मागच्या वर्षी पाच मुलं अर्ध्यावर गळली, म्हणून यंदा नावं घेतानाच घर बघितलं. चुकलं असेल माझं. पण यादी आता ऑफिसात गेलीय.”

एरवी बाबासो इथे उठला असता. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला उठायला जरा वेळ लागतो.

“बाई, यादी गेली ती गेली,” तो म्हणाला. “पन तिची परीक्षा घिऊन बगा. पास झाली तर एकविसावं नाव घाला. सोडायला मी येतो. रोज. एक खाडा झाला तर नाव काडा, मी काय बी म्हननार न्हाई.”

“उद्या पेपर देते तिला,” बाई म्हणाल्या. “मुख्याध्यापकांशी मी बोलेन.”

शाळेतून बाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय कबूल करून बसलो. सकाळी सात म्हणजे बाजारात पहिला ट्रक रिकामा व्हायची वेळ. रंगूबाईला जमण्यासारखं नव्हतं. नळाला पाणी सहा ते साडेसात, आणि ते भरलं नाही तर दिवस कोरडा. वर्ग सुटला की साडेआठला, लसूण निवडायला जायच्या आधी, ती तेजीला घरी आणू शकत होती. न्यायचं मात्र बाबासोनेच. आणि त्यासाठी बोलायचं होतं धनाजीशी.

दुसऱ्या दिवशी थप्पीच्या सावलीत टोळी चहा पीत होती. बाबासो समोर उभा राहिला, जमिनीकडे न बघता. “मुकादम, मला रोज सकाळी तासभर पायजे. सा महिनं. तेजीला शाळंत न्यायचंय.”

धनाजीने बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली. “मी तीन वर्सं सह्या करत हुतो,” तो म्हणाला, “आन त्या बाईला वाटलं मी मामा?”

वर्गाच्या दाराशी ऐकणाऱ्या पोरांमुळे गोष्ट बाबासोच्या आधी बाजारात पोचली होती. टोळी हसायला लागली. धनाजीही हसला, पण कसनुसं. मग म्हणाला, “जा तू. पहिल्या गाडीतल्या तुज्या गोन्या आमी वाटून घेऊ. अकरा पाठी हायत हितं, मोडत न्हाईत.”

बाबासोला आभार मानायचे होते, पण टोळीत आभार मानायची रीत नाही. मानले तर माणसं चिडतात. त्याने सगळ्यांचे रिकामे कप गोळा केले आणि विसळून आणले.

बुधवारी तेजश्री धावत आली. पेपरात पन्नासपैकी चव्वेचाळीस. यादीच्या खाली, शाईच्या वेगळ्या रंगात, एकविसावं नाव लागलं होतं.

बाबासो त्याच संध्याकाळी चांगल्या कांद्याची पिशवी घेऊन मालतीबाईंकडे गेला. त्यांनी दोनच कांदे काढून घेतले आणि पिशवी परत दिली. “मला एवढे पुरे. तुला आता एक प्रश्न विचारता येतो ना? मग दुसऱ्याला शिकव. माझ्या पायरीचा नियम तोच आहे, झाडून जायचं.”

म्हणून दिवाळीनंतरच्या पालकसभेआधी थप्पीवर निराळीच शिकवणी चालली. बाबासो बाई झाला आणि एकेक बाप त्याच्यापुढे उभा राहून विचारू लागला, माझं पोरगं कशात चांगलं आहे? गाळेवाले बघून हसत होते. शनिवारी दोन गाड्या मागे थांबवून सहाही जण शाळेत गेले, दोघांच्या बायकासुद्धा. वही पुढे आली. बाबासोने तेजश्रीच्या नावापुढे आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, पेन दाबून. मागच्या पानावर उमटलं असेल.

शेवटी धनाजी. त्याचा हात सवयीने सात ओळींवर गेला, थबकला, आणि त्याने एकाच ओळीत सही केली. आपल्या पोराच्या, रणजीतच्या नावापुढे.

“बाई,” तो म्हणाला, आणि बाबासोने पहिल्यांदाच मुकादमाचा आवाज खाली आलेला ऐकला, “आमचा रणजीत कसा हाय?”

“हुशार आहे,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “लेखी सगळं बरोबर. पण वर्गात एक शब्द बोलत नाही हो. काही विचारलं की नुसती मान हलवतो.”

मागे उभ्या पाचजणांनी एकमेकांकडे बघितलं.

धनाजीचा चेहरा उतरला. बारा माणसांसाठी बोलणारा माणूस. घरीही तोच बोलत असणार. त्याने विचारलं, “मग... मी घरी काय करू?”

“तुम्ही जरा कमी बोला,” बाई हसून म्हणाल्या. “त्याला बोलायला जागा द्या.”

परतताना सगळे रमत-गमत चालले होते. धनाजीने रणजीतचं बोट धरलं होतं आणि ओठ घट्ट मिटले होते. असा गप्प धनाजी कोणी बघितला नव्हता. कोणाला थट्टा करायचाही धीर होईना. रस्त्यापाशी ट्रक जाईपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा रणजीतने मान वर करून बापाकडे बघितलं.

“पप्पा, आज तुम्ही काही बोलत का नाही?”

धनाजी काहीच म्हणाला नाही. रस्ता मोकळा झाला तरी तो हलला नाही. मग पोरानेच सुरुवात केली, आधी वर्गातल्या एका मांजराची गोष्ट, मग दुसरीच कुठली तरी. रस्ता ओलांडून झाला, वसाहत आली, तरी त्याची गोष्ट संपली नव्हती.

बाबासो तेजीचं दप्तर खांद्यावर घेऊन मागून येत होता. आयुष्यात त्याने पुष्कळ ओझी उचलली होती. या दप्तराचं त्याला मनापासून कौतुक वाटत होतं.