नकाशातली कोरी जागा

"आणि ही एवढी जागा कोरी का?" न्यायाधीश बाईंनी नकाशावर बोट ठेवत विचारलं.

सभाघरात सेनाइदा पाहुण्यांना चिचा, म्हणजे कसाव्याची आंबवलेली पेज, वाढत होती. तिच्या हातातलं वाडगं अर्ध्यातच थांबलं.

नकाशा गावानेच केलेला होता. त्यासाठी तिचा धाकटा भाऊ आबेल, गावाचा कुराका म्हणजे मुखिया, चार शिकाऱ्यांना घेऊन दोन वर्षं रान तुडवत होता. रानडुकरं माती चाटायला येतात त्या जागा, मासे विणीला येतात ते डोह, आजोबा-पणजोबांचे मोडलेले मळे, जुन्या घरांमागे वाढलेली चोंताची ताडासारखी झाडं, एकूण एक खूण त्यात होती. फक्त पुका ओढ्याच्या वरच्या अंगाला तळहाताएवढा पांढरा डाग राहिला होता. सगळ्या पायवाटा तिथवर येत आणि मुकाट्याने वळसा घालून पुढे जात.

नेमका तोच ओढा सरकारने लाकडाच्या ठेकेदाराला द्यायला काढला होता, आणि त्याविरुद्ध गाव कोर्टात गेलं होतं. आणि ओढा गेला की त्याच्या खालचं सगळं पाणी गेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सरकारी वकील उभा राहिला. पुयो शहराहून लहानशा विमानातून येताना त्याला उलट्या झाल्या होत्या, तोंड अजून उतरलेलं होतं. पण आवाज ठणठणीत होता. "बाईसाहेब, हा यांचाच नकाशा आहे. यांच्याच म्हणण्याप्रमाणे तिथे कुणी फिरकत नाही. मग पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कसली?"

न्यायाधीश बाईंनी आबेलकडे पाहिलं. आबेलने जमिनीकडे.

"तिथे कुणी फिरकत नाही असं नाही," तो म्हणाला. "बायका जातात."

"कशाला?"

"ते आम्ही विचारत नाही."

मागच्या बाकावरच्या बाया तोंडाला हात लावून हसल्या. मग हसणं ओसरलं आणि त्या सगळ्या सेनाइदाकडे बघू लागल्या. गावात भांडी घडवणाऱ्यांत तीच आता सगळ्यांत मोठी होती.

सेनाइदाने आयुष्यात फार काही केलं नव्हतं. कसावा लावला, कसावा काढला, चिचा आंबवली, भांडी भाजली, सहा मुलं वाढवली. गावच्या सभेत ती कधी बोलली नव्हती. सभेत ती वाढायची. पण ज्या वाडग्यांतून वाढायची त्यांची माती त्या पांढऱ्या डागातली होती. नऊ वर्षांची असताना आईने तिला पहिल्यांदा तिथे नेलं, तेव्हाच बजावलं होतं: पुरुषाचं पाऊल पडलं की मातीआई रुसते. मग कितीही मळा, कितीही भाजा, भांडं तडकणारच. आबेल लहानपणी एकदा तिच्या मागोमाग निघाला होता, तेव्हा आईने त्याला अर्ध्या वाटेतून कान धरून परत आणलं होतं. नकाशा काढताना त्याच्या हाताने वळसा घातला तो त्या कानामुळेच.

"माती आहे तिथे," सेनाइदा म्हणाली. "भांड्यांची. आमच्या आज्या-पणज्यांपासून तिथूनच आणतो."

"मला दाखवाल?"

"तुम्हाला दाखवीन. तुम्ही बाई आहात."

"पाहणी दोन्ही पक्षांसमोर व्हायला हवी," वकील लगेच म्हणाला. "मी आलो नाही तर ती पाहणीच नव्हे."

न्यायाधीश बाईंनी नाइलाजाने होकार दिला.

बाल्बिना ही सेनाइदाची बालमैत्रीण आणि आता विहीणही. तिने मागून तिचा स्कर्ट ओढला. "गप्प बस गं बाई. माती रुसली तर भांडी कशाची करशील?"

"आणि रानच गेलं तर चिचा कुणाला पाजशील?"

 सेनाइदा वकिलासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातलं वाडगं तसंच भरलेलं होतं. "वकीलसाहेब, आधी हे संपवा. अर्धं वाडगं टाकून रानात शिरणाऱ्याला आमच्याकडे साप चावतो."

"खरंच?"

"नाही. पण मला वाईट वाटतं."

त्याने डोळे मिटून वाडगं रिकामं केलं. सेनाइदाने ते पुन्हा भरलं.

वाट दोन तासांची होती. पुढे सेनाइदा, मागे तिची लेक नेलिदा, तिच्या झोळीत चार महिन्यांचं बाळ. मग न्यायाधीश बाई, वकील आणि सगळ्यांत शेवटी आबेल. वकील तीनदा चिखलात बसला. तिसऱ्यांदा नेलिदा म्हणाली, "आई, यांनाही झोळीत घेऊ का?" आणि तो बिचाराही हसला.

ओढ्याच्या वरच्या काठाला दरड आत पोखरली होती. एखाद्या घराएवढी पोकळी. आबेल तिच्या तोंडाशी थांबला आणि पाठ फिरवून उभा राहिला. न्यायाधीश बाईंनी हाक मारली, तरी तो वळला नाही.

"तो नाही यायचा," सेनाइदा म्हणाली. "त्याचा कान अजून दुखतो."

आत गार होतं. राखाडी मातीची भिंत ओलसर, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत बोटांच्या खोबणी. इथे हत्यार चालवत नाहीत, माती हाताने ओढून काढतात. त्या खोबणींतल्या काही सेनाइदाच्या होत्या. डाव्या बाजूच्या, एक बोट आखूड असलेल्या, आईच्या. दर वेळी माती काढण्याआधी सेनाइदा आपली बोटं त्यांत बसवून बघायची. आजही तिने बसवली, इतरांना दिसू न देता.

भिंतीच्या पायथ्याशी खापरांचा ढीग होता, कमरेएवढा. माती न्यायला येणारी बाई आपलं फुटलेलं एखादं वाडगं घेऊन येते. नेलं त्यातलं थोडं परत करायचं, अशी रीत.

"किती वर्षांचं असेल हे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"वर्षं मला येत नाहीत. बायका सांगते." सेनाइदा उकिडवी बसली. "हे माझं. ही कासवाच्या पाठीची रेघ. हे माझ्या आईचं. शेवटी शेवटी तिला दिसेना, म्हणून बघा, रेघ इथे थरथरलीय. हे तिच्या आईचं." तिने ढिगाच्या कडेला हात खोल घातला आणि तळातून एक तुकडा काढला. त्यावरचा रंग जवळजवळ गेला होता. अंगठ्याने पुसल्यावर रेघ वर आली. "हे कुणाचं, मला माहीत नाही. नाव कुणी सांगितलं नाही. पण रेघ तीच आहे. मला आईने शिकवली तीच."

वकील त्या तुकड्याजवळ वाकला. "हात लावू?" त्याने विचारलं.

"आता आलाच आहात."

त्याने तुकडा घेतला, उलटसुलट केला आणि होता तिथे नीट ठेवला. परतीच्या वाटेवर तो एकदाही वहिवाटीबद्दल बोलला नाही.

पुढच्या महिन्यात सेनाइदाने आधीच आणून ठेवलेल्या मातीची चार वाडगी भाजली. तीन तडकली.

"मी म्हटलं होतं," बाल्बिना म्हणाली.

"लाकूड ओलं होतं."

"लाकूड."

"हो, लाकूड."

मग कोरड्या ठणठणीत लाकडावर पुन्हा चार भाजली. चारही गेली. बाल्बिना पुन्हा बघायला आली. नुसती बाजूला बसून खापरं गोळा करू लागली.

सात महिन्यांनी निकाल रेडिओवरून आला. पुका ओढा, त्याचा वरचा काठ, खालचं सगळं पाणी, गावाचं. ठेकेदाराने सीमेवर आणून ठेवलेली यंत्रं परत नेली. तीन दिवस ढोल वाजत होते. सेनाइदाने इतकी चिचा वाढली की तिचा खांदा धरला. प्यायला वाडगी कमी पडली, म्हणून पोरांना प्लास्टिकच्या मगांतून दिली.

चौथ्या दिवशी तिने टोपली पाठीला लावली आणि नेलिदाला म्हणाली, "चल. बाळालाही घे."

दोन दिवस त्या ओढ्याच्या उगमाकडे चालत होत्या. सेनाइदा ठिकठिकाणी काठ खरवडायची, चिमूटभर माती बोटाभोवती गुंडाळून बघायची, जिभेला लावायची आणि थुंकायची. "वाळू," म्हणायची. "ही पण वाळूच." दुसऱ्या दिवशी दुपारी, पडलेल्या एका झाडाच्या मुळाखाली, तिने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली नाही.

मुळाआडची भिंत गुळगुळीत होती. सेनाइदा तिच्यासमोर उभी राहिली, हात उचलला आणि तसाच हवेत राहिला. बोटं कुठे बसवायची तेच कळेना.

"काय झालं?" नेलिदाने विचारलं.

"काही नाही." तिने एक खडबडीत जागा निवडली आणि पहिली मूठ ओढली. मग झोळीतल्या बाळीची मूठ सोडवली आणि ती इवलीशी पाच बोटं शेजारी दाबली. बाळी रडली. "थंड लागतं, होय गं? लागतंच," सेनाइदा म्हणाली आणि तिची बोटं स्वतःच्या कमरपट्ट्याला पुसली. येताना जुन्या ढिगातून आईचं म्हणून उचलून आणलेलं एक खापर तिने मुळाशी ठेवलं.

त्या परतल्या तेव्हा आबेल सभाघरात नकाशा पसरून बसला होता. आता गावात लावायला तो नव्याने काढत होता. जुन्या पांढऱ्या डागात त्याने 'माती' असं लिहिलं होतं.

"कुठे गेला होतात, ताई?"

"मासे धरायला. उगमाकडे."

"मग मासे?"

"नाही मिळाले."

आबेलने तिच्या नखांकडे पाहिलं. नखांत राखाडी माती होती. त्याने खोडरबर उचललं, उगमाकडे जाणारी पायवाट पुसली आणि वळसा घालून पुन्हा काढली.