दुपारी दोन ते चार

माझ्या कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही, म्हणून भाषांतराच्या सगळ्या फाइल्स मी सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या आणि दोन खोल्यांमध्ये वायर ओढून दोन्ही जोडून घेतले. दोन्ही कॉम्प्युटर पेन्शनीला आलेले, पण काम भागायचं.

फक्त रोज दुपारी दोनला त्यांचा कॉम्प्युटर माझ्या स्क्रीनवरून गायब व्हायचा आणि चारला आपोआप परत यायचा. महिनाभर मी डोकं फोडून घेतलं. वायर बदलली, पासवर्ड बदलले, नवऱ्याला फोनवर फैलावर घेतलं, कारण कॉम्प्युटर जोडायची अक्कल त्याचीच. तो म्हणाला, "जुनी मशिनं आहेत, चालायचंच."

काल दोनला मी तणतणत थेट सासऱ्यांच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर बंद होता, भिंतीवरचं बटणही बंद होतं आणि वर टॉवेल पांघरलेला होता. शेजारी पलंगावर बाबा आडवे झाले होते.

"बाबा, हा कुणी बंद केला?"

"मीच करतो रोज," ते कुजबुजले. "सकाळपासून राबतोय बिचारा. दुपारी दोन तास पाठ टेकू दे त्याला. चारला उठवतो मी." मग डोळे मिटत म्हणाले, "पंखा जरा वाढवून जा. तापलाय तो."

पाठ टेकू दे. बारा वर्षांत हे वाक्य मी या घरात पहिल्यांदा ऐकलं, तेही कॉम्प्युटरसाठी. पहाटे पाचपासून मी उभी होते.

मी पंखा वाढवला आणि दार हळूच लोटून घेतलं.