आईच्या गोळ्यांचं पान

"लिहिलेलं आहे ना? मग लिहिलंय तसंच दे!"

एवढं बोलून दादाने फोन ठेवला. धाकट्या बहिणीची शंका साधी होती. आई महिनाभरासाठी तिच्याकडे राहायला आली होती. रक्तदाबाची गुलाबी गोळी घेतली की आईला गरगरायचं, म्हणून तिने विचारलं होतं, "दादा, ही गोळी अजून चालूच आहे ना रे?" पण दादाला शंका काढलेली खपत नसे. नकाशांच्या कचेरीत त्याची वीस वर्षं गेली होती. घरासाठीही त्याने लॅपटॉपवर स्वतःची विकी केली होती. शेगडीच्या दुरुस्तीपासून आईच्या दुखण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं एक पान, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे. मेव्हणा त्याला चित्रगुप्त म्हणे, आणि दादाला ते आवडे.

चौथ्या दिवशी आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं.

"ही गोळी तर मी दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती!" डॉक्टर म्हणाले, आणि दादाचा पारा चढला. भर वॉर्डात तो बहिणीवर ओरडला, "एक महिना आई सांभाळता आली नाही तुला!" संध्याकाळपर्यंत मामा, मावशी, काका, सगळ्यांना त्याने फोन करून कळवलं, की हिने आईला बंद केलेली गोळी दिली.

 बहिणीने पर्समधला घडी घातलेला कागद आईच्या पायाशी ठेवला. दादाच्याच विकीतलं 'आईचा प्रवास' हे पान तिने छापून घेतलं होतं. त्यावर लिहिलं होतं, गुलाबी गोळी, सकाळी एक.

"पण मी तर यादी बदलली होती!" दादाने घाईघाईने लॅपटॉप उघडला. 'आईची औषधं' या पानावर ती गोळी खरंच नव्हती. प्रवासाच्या पानावर मात्र होती. वर्षभरापूर्वी त्याने औषधांच्या पानावरची यादी उचलून प्रवासाच्या पानावर चिकटवली होती. कुठून उचलली ते लिहिलं नव्हतं, दुवा दिला नव्हता. मूळ सुधारलं, नक्कल तशीच राहिली.

सलाईन बदलायला आलेल्या वयस्कर परिचारिकेने तो कागद आणि लॅपटॉपवरचं पान, दोन्ही पाहिलं.

"तुम्ही काय काम करता?"

"नकाशे काढतो."

"नकाशाची नक्कल दिलीत, तर तिच्यावर मूळ नकाशाचा क्रमांक घालता?"

"घालावाच लागतो. नाहीतर कोणी जुन्या नकाशावरून भिंत बांधायचा."

"मग आईच्या यादीवर का नाही घातला? एक ओळ लिहायची होती. अमुक पानावरून, अमुक तारखेला घेतली, देण्याआधी मूळ पान बघा. तुमच्या बहिणीने बघितलं असतं हो! आई सांगत होत्या, तिने तर तुम्हाला फोन करून विचारलंसुद्धा होतं."

दादाची मान खाली गेली. केवढी ही घमेंड! भिंतीसाठी जी काळजी घेतली, ती जन्मदात्या आईसाठी घेतली नाही!

त्याने तिथेच बसून जुनी यादी पुसली आणि मूळ पानाचा दुवा दिला. दोन मिनिटं लागली.

"चुकलो गं. पान दुरुस्त केलं," तो म्हणाला.

"पानाचं झालं," बहीण म्हणाली. "माझं काय? ज्यांना ज्यांना फोन केलेस, त्यांना सांग."

त्याने सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. काकांनी विषय बदलला. मावशी म्हणाली, "बहिणीला पाठीशी घालतोस, मोठं मन रे तुझं! पण माझ्या जावेलाही ठाऊक आहे, तिच्या भावजयीलाही. चुकीची गोळी लेकीनेच दिली."

"त्यांना कोणी सांगितलं, मावशी?"

"आता ते कोण लक्षात ठेवतं! सगळेच म्हणतात."

आई आता वॉकर धरून चालते. बहीण तिला भेटायला येते, पण दादा कचेरीत असतानाच.

वाचकहो, दुसरीकडून उचललेल्या मजकुराखाली त्याच्या मूळ ठिकाणाचा पत्ता लिहा. विकी असो, वही असो, नाहीतर फोनवरचं बोलणं असो. मूळ बदललं, की नक्कल शोधून सुधारता आली पाहिजे. आणि कुठून आलं हे सांगता येत नसेल, तर ते पुढे देऊ नका.

दादाच्या विकीत आज उचललेल्या प्रत्येक ओळीखाली दुवा आहे. बहिणीबद्दल त्याने फोनवर सांगितलेल्या त्या एका ओळीला तेवढा नाही, आणि ती अजून घरोघर फिरतेच आहे!