चिनी कमानीचे चार कोपरे

नोव्हेंबर १९६२ चा दुसरा आठवडा. दुपारी बाराच्या सुमारास डोमाजी गवंडी शिडी, छिन्नी आणि हातोडा घेऊन मुकुटबनच्या बौद्धपुऱ्यातल्या विहारापाशी आला. कमानीला शिडी लावली आणि वर चढला. सूर्य मावळायच्या आत कमानीचे चारही कोपरे उतरवायचे होते. सरपंच विठ्ठलराव पाटील सकाळीच सांगून गेले होते.

"डोमा, राग धरू नको. उद्या बाजारात सभा हाय, वणीवरून लोकं येऊन राह्यले. तिकडं पोरं बर्फात मरून राह्यली अन् आपल्या गावात चीनचा दरवाजा उभा. कोणी दगड हाणला तं मी कोणाकोणाले अडवू? तूच उतरव. कोपरे गेले तं बाकीचं वाचंल."

पाटील वाईट बोलले नव्हते. खोटंही बोलले नव्हते. डोमाजीनं शिडी उचलली ती म्हणूनच.

कमान काही फार मोठी नव्हती. दोन खांब, त्यांवर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, लहानसं छप्पर आणि छपराचे चारही कोपरे बैलाच्या शिंगांसारखे वर वळलेले. दोन रस्त्याकडे, दोन आत अंगणाकडे. बाजाराला येणारे कोलाम आणि गोंड थांबून बघत. सारा गाव तिला चिनी कमान म्हणे आणि पाच वर्षं त्या नावात कौतुकाशिवाय काही नव्हतं.

छपराच्या कण्यावर बसून डोमाजीनं रस्त्याकडच्या पहिल्या कोपऱ्यावर हात ठेवला. चुना उन्हानं तापला होता. त्याला सत्तावन्न सालचा उन्हाळा आठवला.

त्याआधीच्या ऑक्टोबरात पुऱ्यातली सारी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव नाल्यात सोडून झाले. आता विहार बांधायचं ठरलं, पण विहार कसा असतो हे एकानंही पाहिलेलं नव्हतं. बैठकीत म्हातारा उकंडा म्हणाला, "देवळासारखा कळस नोको, मशिदीवानी घुमट नोको. मंग डोक्यावर काय ठेवता, टोपलं?"

लोक हसले, पण तोड कोणाकडे नव्हती. तेव्हा डोमाजीच्या बायकोचा, तुळसाबाईचा, भाचा धर्मपाल नागपूरला मास्तरकीचं शिकत होता. दीक्षेनंतर त्यानं स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं होतं, त्यामुळे पुऱ्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं रद्दीच्या दुकानातून हिंदी मासिकाचं एक रंगीत पान आणलं. लाल भिंत, पिवळी कवेलू, वर वळलेले कोपरे. खाली 'पेकिंग' एवढंच राहिलं होतं, बाकीचा मजकूर फाटलेला. चीन हा बुद्धाचा देश, तेव्हा हा विहारच, असं धर्मपाल म्हणाला. कोणाला शंका आली नाही.

राजूरच्या भट्टीतून चुना आला. बेलफळाचा गर आणि गूळ घालून तो भिजवला, बायांनी आठ दिवस मळला. गूळ पोरांच्या पोटात किती गेला आणि चुन्यात किती, यावरून रोज भांडण होई. डोमाजी सरकारी पुलांच्या कामावर गवंडीकाम शिकलेला, भिंत त्याची ओळंब्यात असे. पण कोपऱ्याची वळणं काही जमेनात. बांबू वाकवला की तडकायचा. पाचव्या दिवशी तुळसाबाई घमेलं खाली ठेवून म्हणाली, "सरळ लाकूड वाकवता कायले? वाकडं लाकूड तं गावभर पडलं हाय."

चार मोडक्या नांगरांची खोडं मागून आणली. ती कोपऱ्यांत बसवली, वरून चुना चढवला, आणि मासिकातलं वळण जसंच्या तसं उतरलं. त्या दिवशी उकंडा खाटेवरून उठून बघायला आला होता. पुढच्याच वर्षी तो गेला. तसा उन्हाळा पुऱ्यात पुन्हा आला नाही, असं डोमाजीला वाटे. कामं पुढंही झाली, पण साऱ्यांचं मिळून एकच काम पुन्हा झालं नाही.

"मामाजी!"

खाली धर्मपाल उभा होता. तो आता कळंबला मास्तर होता, उद्याच्या सभेची खबर ऐकून सकाळच्या मोटारीनं आला होता. तुळसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागं आली.

"जयभीम," डोमाजी वरून म्हणाला. "सोडवाले आला का फोडाले?"

"एक सांगाचं हाय. दोन वर्सं झाली, सांगाची हिंमत नाई झाली." धर्मपालनं घाम पुसला. "तेच मासिक मले कळंबच्या वाचनालयात सापडलं, सगळं पान. तो विहार नाई, मामाजी. पेकिंगच्या बादशहाचा वाडा हाय. माही चूक झाली."

तुळसाबाईनं तांब्या खाली ठेवला. "म्हणजे पाच वर्सं आमी राजाच्या दारातून जाऊन राह्यलो? शिकलेला भाचा पायजे, म्हणत होती मी. घ्या."

"अन् तो राजा कुठं गेला?" डोमाजीनं विचारलं.

"हाकलला. चाळीसेक वर्सं झाली. पहिले पाचशे वर्सं तिथं साध्या माणसानं पाय ठेवला की मान गेली समजा. आता त्याचं अजायबघर केलं. आपण नागपूरले अजब बंगला पाह्यला नाई का, तसं. तिकीट काढा अन् जा."

"कोणीबी?"

"कोणीबी."

"बांधला ज्याईनं त्याईचे नातूपणतूबी?"

"तेबी जात असतील. त्याईले कोण अडवते आता?"

डोमाजीनं छिन्नी कोपऱ्याच्या सांध्यावर टेकवली. तरुणपणी तो एका मालगुजाराच्या घराच्या कामावर होता. चौकट बसेपर्यंत साऱ्या खोल्यांतून फिरला, भिंती उचलल्या, कोनाडे काढले. चौकटीची पूजा झाली आणि त्याच संध्याकाळी त्याचा डबा अंगणाबाहेर ठेवण्यात आला. आतल्या कोनाड्याला त्यानं दिलेली गोलाई मग त्याला कधी दिसली नाही.

"मंग चूक नाई झाली तुही," तो म्हणाला आणि हातोडा उचलला.

रस्त्याकडचा पहिला कोपरा चार घावांत सुटला. दुसऱ्याला वेळ लागला, तो तुळसाबाईच्या हातचा चुना होता. ती खाली उभी राहून चुन्याचे तुकडे टोपल्यात भरत होती. दोन्ही खोडं खाली आल्यावर डोमाजीनं छिन्नी कमरेला खोचली आणि शिडी उतरला.

"आतले दोन?" धर्मपालनं विचारलं.

"ते राहू दे."

"पाटलाले दिसंल ना."

"रस्त्यावरून नाई दिसत."

सूर्य कलताना विठ्ठलराव सायकलवरून आले. एक पाय रस्त्यावर टेकवून त्यांनी सपाट झालेली कमान पाहिली.

"झालं?"

"झालं, पाटील," डोमाजी म्हणाला. मग तांब्याकडे हात करून म्हणाला, "या ना आत. पाणी घ्या."

तुळसाबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर त्यानं जीभ चावली असती. विठ्ठलरावांनी कमानीतून आत नजर टाकली. अंगण, पलीकडे बुद्धाची तसबीर, एक फळा. उंबरठ्यापासून ते चार हातांवर होते.

"नाई, सभेचं पाहाचं हाय," ते म्हणाले. "पुन्हा कधी."

पाच वर्षांत ते असंच म्हणत आले होते. सायकल वळली आणि ग्रामपंचायतीकडे निघून गेली.

तुळसाबाई नवऱ्याकडे वळली. "डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं? बोलावता काहून?"

"मामाजी, ते खरंच आले असते तं?" धर्मपाल म्हणाला.

डोमाजी शिडी काढून भिंतीला लावत होता. "आले असते तं त्याईच्यासमोर बाकीचे दोन पाडले असते," तो म्हणाला. "पाटील आत येते म्हटल्यावर मले ते पाडल्याचं वाईट नसतं वाटलं."