काळ्या गोळ्या

आमच्या साखर कारखान्यात मला नोकरी रसायनशाळेची होती, वागणूक मात्र विधवेची. त्र्याहत्तरच्या अखेरीस डिझेल मिळेनासं झालं, तेव्हा उसाच्या चिपाडाच्या गोळ्या दाबून, त्या भट्टीत जाळून निघणाऱ्या गॅसवर विहिरीवरचं इंजिन चालवायचा मी घाट घातला. ते उद्घाटनाला येणाऱ्या सरकारी पाहुण्यांसमोर नीट चाललं, तर आसपासच्या विहिरींवर अशी इंजिनं बसवायला मंजुरी मिळणार होती. त्या मंजुरीत माझा जीव अडकला होता.

कच्च्या गोळ्या चालत नाहीत, हे मी आधीच पाहिलं होतं. त्यांच्या गॅसात वाफ आणि डांबर इतकं, की इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटून बसतात. म्हणून गोळ्या आधी बंद पिंपात, हवा लागू न देता भाजायच्या. भाजल्यावर काळ्या दिसतात, पण गॅस स्वच्छ येतो. चेअरमन रंगनाथआबांना हे मी पुन्हा पुन्हा समजावलं. दर वेळी त्यांनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जातंय!

उद्घाटनाला सनई, फेटे, पूजा, सगळं होतं. पूजेच्या वेळी मी जरा लांब उभं राहावं, असा आबांनी फिटर बन्सीकडून निरोप धाडला. मी मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिले. पाहुण्यांनी नारळ फोडला. इंजिन सुरू झालं, थोडं चाललं, खोकलं आणि थांबलं.

मी धावत गेले. गॅसभट्टीशेजारच्या पाटीत पिवळ्याधमक कच्च्या गोळ्या, वर हळदकुंकू. शुभकार्यात काळं नको म्हणून आबांनी सकाळीच बदलायला लावल्या होत्या. पाहुणे पोटभर जेवले आणि मंजुरीबद्दल अवाक्षरही न काढता गेले.

दुसऱ्या दिवशी बन्सीनं व्हॉल्व्ह साफ केले आणि मी भट्टीत काळ्या गोळ्या घातल्या. इंजिन दुपारपर्यंत एकसारखं चाललं. मी आबांना बोलावून आणलं. पाटाच्या पाण्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. काल काय चुकलं ते आता कळलं असेल, असं मला वाटलं.

“चांगलं चाललंय की,” ते म्हणाले. “पन मंजुरीचं नाव आता काढू नगा, बाई. लोक म्हनत्यात, विधवेचा हात लागला म्हनून काल बंद पडलं.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“मी काय सांगनार? लोकांचं तोंड कोन धरनार?”

गोळ्या कुणी बदलल्या, एवढंच त्यांनी लोकांना सांगायचं होतं. ते फेटा सावरत जेवायला गेले. मी बन्सीला इंजिन बंद करायला सांगितलं.