निशाशीत

आमच्या डेअरीत बर्फ मी करते. गेली दहा वर्षं. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन म्हणून परत घेतात. कंत्राटी माणसाला जुनं होऊ द्यायचं नसतं ना! मीच शिकवलेली पोरं कायम झाली. मी, सोनाली, अजून नवीनच.

बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा नव्हे. खोलीएवढी पाण्याची टाकी आहे, तिच्यातल्या नळ्यांवर बर्फ धरवायचा. सकाळ-संध्याकाळ आमच्या या कात्रजच्या डेअरीत दुधाचे टँकर लागले की त्या बर्फाच्या पाण्यानं दूध गार करायचं. थंडी आधीच साठवलेली असते, म्हणून ऐन गर्दीच्या वेळी कॉम्प्रेसरवर ताण नाही. बर्फ रात्री करायचा, कारण रात्री वीज स्वस्त. मालक रावसाहेबांच्या काळी ते बरोबरच होतं.

मग त्यांचे चिरंजीव विश्वजीत सर आले. त्यांनी छपरावर सोलर पॅनेल बसवले, टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘निशाशीत’ असं नाव रंगवून घेतलं आणि त्याच नावावर जागोजागी भाषणं ठोकली. आता गंमत बघा. दुपारी दूध येत नाही, म्हणजे पॅनेलची वीज खायला कोणी नाही. ती बाहेर द्यायची परवानगी नाही. त्यामुळे भर उन्हात पॅनेल निम्मे गप्प, आणि रात्री आम्ही कोळशाच्या विजेवर बर्फ करणार! याला म्हणे पर्यावरण.

मी सरांना विचारलं, “सर, बर्फ दुपारी केला तर? उन्हाची वीज फुकट जाते.”

“सोनाली, निशा म्हणजे काय?”

“रात्र, सर.”

“मग?”

संपला विषय. नाकापेक्षा मोती जड! वर हसून म्हणाले, “रात्रपाळीचा कंटाळा आला असेल तर तसं सांग.” अस्सा राग आला मला.

एप्रिलमध्ये सर महिनाभर परदेशी गेले. मी कॉम्प्रेसरचा टायमर फिरवला. सकाळी दहा ते दुपारी चार. संध्याकाळच्या दुधाला वापरून पहाटेच्या दुधाला बर्फ उरेल का, या धास्तीनं पहिले आठ दिवस मला घास गेला नाही. उरला. एकही टँकर नासला नाही. महिन्याचं बिल आलं, तर बाहेरून घेतलेली वीज एक तृतीयांशानं कमी.

सर आले आणि माझ्यावर ओरडले. मग त्यांनी बिल बघितलं आणि ओरडायचे थांबले. शहरातल्या एका संस्थेचं कार्बन बचतीचं बक्षीस होतं, त्यासाठी त्यांनी एप्रिलचाच आकडा पाठवून दिला. निशाशीतच्या नावानं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्या ऋतुजा मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर माझी कायम करण्याची ऑर्डर होती, सह्यांसकट.

“उद्याची तपासणी झाली की देऊ हं,” त्या म्हणाल्या.

“तपासणीचा आणि याचा काय संबंध?”

“काहीच नाही. म्हणून तर नंतर देतोय. उद्या विचारलंच कोणी, तर बर्फ रात्रीच होतो. टाकीचं अस्तर बदललं, म्हणून वीज वाचली.”

संस्थेकडून तपासायला विजयमाला मॅडम आल्या. साठीच्या, साध्या. सरांना बाहेर थांबवून त्या सरळ माझ्यापाशी आल्या. बिल पुढे धरून म्हणाल्या, “तुम्ही बर्फ रात्री करता, मग रात्रीचेच युनिट कमी कसे? मला कळत नाही. हे यंत्र तुम्ही चालवता, तुम्हीच सांगा.”

दहा वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. सगळं ओठांवर आलं होतं हो! पण दाराच्या काचेतून ऋतुजा मॅडम बघत होत्या. पुन्हा एक दिवस घरी बसायचं, पुन्हा ‘नवीन’ म्हणून फॉर्म भरायचा, हे डोळ्यांपुढे आलं.

“टाकीचं अस्तर बदललं, मॅडम. थंडी टिकते. त्यामुळे कॉम्प्रेसर कमी चालतो.”

“आणि बर्फ?”

“रात्रीच.”

त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “बरं झालं विचारलं. ऑफिसातल्या माणसांपेक्षा यंत्राजवळच्या माणसावर माझा भरवसा जास्त.”

ऑर्डर त्याच संध्याकाळी मिळाली. खाली एक ओळ होती : उद्यापासून टायमर पूर्ववत करावा. दुसऱ्या कोणाला तो नीट लावता येत नाही, म्हणून मीच लावला. आईनं गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला, लाज सोडून.

महिन्याभरानं बक्षिसाबरोबर विजयमाला मॅडमचा अहवाल आला. ऋतुजा मॅडमनी तो कौतुकानं वाचून दाखवला. आणखी अकरा डेअऱ्यांमध्ये बर्फाच्या टाक्या बसणार होत्या. त्या सगळ्यांना संस्थेची शिफारस होती : जाड अस्तर लावावं आणि बर्फ रात्रीच करावा. आधार म्हणून खाली माझं नाव होतं. पूर्ण नाव, आणि पुढे ‘अनुभवी, कायम कर्मचारी’.